भुईवर घेतलेली माणसं

सुमन,

तुझी शोकसभा झाली. ओपीडीच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या, टेबलावर तुझा फोटो, फोटोला झेंडूचा हार. जिंतूरच्या उन्हात तो हार सभा सुरू व्हायच्या आधीच सुकला. एकेकजण उठून दोन शब्द बोलला. सिस्टर मितभाषी होत्या. सोशिक होत्या. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. मी मान खाली घालून बसले होते, कारण मला हसू आवरत नव्हतं. ज्या बाईनं स्टोअरच्या कपाटाचं कुलूप वरवंट्यानं फोडलं ती म्हणे सोशिक. माणूस गेलं की त्याची धार घासून बोथट करायची आपल्या लोकांना भारी हौस. माझी पाळी आली तेव्हा मी उठले आणि म्हणाले, सुमन भांडखोर होती, आणि ती भांडली म्हणून या तालुक्यातली काही माणसं आज घरी बसून भाकरी खातायत. एवढं बोलून खाली बसले. दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरसाहेबांनी घाईघाईनं स्तब्धता जाहीर केली.

त्या स्तब्धतेत माझ्या मागं कुणीतरी कुजबुजलं, "शिकवणारीच गेली. काय उपयोग झाला त्या दाबादाबीचा?"

मी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथंच भांडण झालं असतं, आणि त्या दिवशी माझ्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं. आता आहे. म्हणून लिहायला बसले. त्या प्रश्नाचं उत्तर तुझ्यासमोर दिल्याशिवाय मला चैन पडायची नाही, आणि तू नसलीस तरी मी तुझ्याशीच बोलणार. इतकी वर्षं एका क्वार्टरच्या दोन खोल्यांत राहून तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाशी मनातलं बोलायची सवयच लागली नाही.

औरंगाबादहून ते ट्रेनिंग करून आलीस तेव्हाची तू मला आठवतेस. तिथल्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तुम्हा नर्सांना बंद पडलेलं हृदय हातानं कसं चालवायचं ते शिकवलं होतं. रबराची बाहुली होती म्हणालीस, बरोबर दाबलं की तिच्या पोटातला दिवा लागायचा. आपल्याकडं बाहुली कुठली? बाळंतिणीला चादर मिळायची मारामार. दोन दिवस तू उशीवर सराव केलास आणि उशी फाडलीस. मग वॉर्डबॉय खाजामियांना कापसाच्या जिनिंगवर पिटाळलंस. त्यांनी बारदानाचं पोतं आणलं, तळाला सरकी, वर थोडी रुई. नुसती रुई घातली तर हात बुडतो, वाळू घातली तर हलत नाही. सरकीचं पोतं मात्र छातीसारखं दबायचं आणि थोडं वरही यायचं. वरच्या टोकाला सुतळीनं आवळून तू त्याचं डोकं केलंस, आणि त्याचं नाव ठेवलंस पाटील.

मी विचारलं, पाटील का गं? तर म्हणालीस, परभणी जिल्ह्यात पाटलाच्या छातीत मूठ मारायची परवानगी सरकारनं मला एवढ्या एका पोत्यापुरतीच दिलेली हाय.

दर मंगळवारी ओपीडी आटोपली की ड्रिल. आधी आपण दोघी आणि खाजामिया, मग कंपाउंडर, मग बाकीच्या सिस्टर, आणि हळूहळू डॉक्टरही शर्टाच्या बाह्या सरसावून गुडघ्यावर बसायला लागले. तू उभी राहून ओरडायचीस. आधी हाक मारा, खांदा हलवा. गळ्याशी बोटं लावा, मनगट धरून ज्योतिष्यागत बसू नका. नाडी थांबताना समोर असाल तर छातीच्या मधोमध एक मूठ घाला. मान मागं, हनुवटी वर. तोंडात तंबाखू असंल, कवळी असंल, बोटानं काढा. कोपरं सरळ, खांद्याचा जोर, हाताचा नाही. एकानं दाबायचं, एकानं फुंकायचं, आणि तिसऱ्यानं शीर शोधून इंजेक्शनची तयारी करायची. कोण काय करणार हे आधी बोलून घ्यायचं, पेशंट पडल्यावर एकमेकांच्या तोंडाकडं बघायचं नाही. शॉकचं मशीन आपल्याकडं नव्हतं, येणार आहे असं आपण ऐकत होतो. तुझं म्हणणं, ते येईल तेव्हा येईल, तोवर रक्त मेंदूपर्यंत आपल्यालाच नेऊन पोचवायचंय.

फुंकायचं म्हटलं की मात्र सगळे खिडकीबाहेर बघायचे. कुणी म्हणालं, फुगा आहे की आपल्याकडं, तोंडावर मास्क धरून दाबायचा रबरी फुगा. होता. वरून तपासणी आली की दाखवायला नवाकोरा जपून ठेवलेला, कुलपात, आणि चावी स्टोअरकीपरबरोबर त्यांच्या गावी. तेव्हाच तो वरवंटा निघाला. तुला मेमो मिळाला, त्याची पुडी करून तू त्यात बडीशेप ठेवलीस आणि साहेबांनाही दिलीस. फुगा ट्रेमध्ये आला, ट्रे वॉर्डात आला. तरीही तू तोंडानं फुंकायचं शिकवणं सोडलं नाहीस.

"फुगा कपाटात असंल न्हाईतर फाटका असंल," तू म्हणालीस, "तोंड तर संगंच असतंय की."

खरी अडचण तोंडाची नव्हती हे आपल्याला सगळ्यांना माहीत होतं. ती वर्षंच तशी होती. विद्यापीठाच्या नावावरून अख्खा मराठवाडा दुभंगलेला. एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारायचा, मग आडनाव, मग सरकून बसायचा. सिस्टरांच्या खोलीतल्या माठापाशी तुझा पेला वेगळा पालथा घातलेला असायचा, कुणी घालायचं ते कुणीच सांगायचं नाही. गोळी घ्यायच्या आधी पेशंट तुला आडनाव विचारायचे. तू म्हणायचीस, आडनाव गोळीवर लिवलंय, आधी गिळा. तुझं पिंगळीचं घर अठ्ठ्याहत्तर साली जाळलं होतं. त्याबद्दल तू माझ्याशी एकदाच बोललीस, तेही आईनं शिवलेल्या वाकळेबद्दल. घर परत बांधलं, म्हणालीस, पण तसलं धडुतं आता कुठून आणायचं.

मलाही तू सोडलं नाहीस. मी पेडगावची, गळ्यात लिंग बांधणाऱ्यांची लेक. पहिल्यांदा माझ्या घरी जेवायला आलीस तेव्हा माझ्या आईनं तुला पाणी वरून ओतलं. तू ओंजळीनं प्यालीस, तोंड पुसलंस आणि गोड आवाजात म्हणालीस, मावशी, तुमच्यात तर जात मानत न्हाईत म्हनं. आईला आठवडाभर झोप लागली नाही. पुढच्या खेपेला तिनं तुझ्यापुढं तांब्या-भांडं ठेवलं आणि स्वतः आत जाऊन बसली. माणूस आपल्या वेगानं सुधारतं, असं मी म्हणाले. तू म्हणालीस, हो, बैलगाडीच्या.

आणि मग आबासाहेब आले.

बोरीकडचे मोठे जमीनदार. भर दुपारी जीपमधून उतरवले तेव्हा अंगातला सदरा घामानं चिंब, डावा हात छातीशी. डॉक्टर आत ऑपरेशनला उभे होते, एक बाळंतीण अडली होती. आपण आबासाहेबांना कॉटवर घेतलं. ते मला म्हणाले, पोरी, पंखा जरा इकडं कर, आणि बोलता बोलताच त्यांचे डोळे वर गेले. तू गळ्याशी बोटं लावलीस. मग मूठ वळून त्यांच्या छातीवर अशी हाणलीस की दारात उभे असलेले त्यांचे धाकटे भाऊ जागच्या जागी गोठले. नाडी आली नाही. कॉट म्हणजे लोखंडी जाळीची झोळी, तिच्यात माणूस दाबला तर माणसाऐवजी जाळीच खाली जाते.

तू ओरडलीस, "खाली घ्या. भुईवर घ्या."

आपल्याकडं भुईवर घेणं म्हणजे काय ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. माणूस जायला लागलं की त्याला बाजेवरून उतरवून जमिनीवर ठेवतात, तोंडात पाणी घालतात, तुळशीचं पान ठेवतात. बाजेवर जीव जाऊ द्यायचा नसतो. तू पेशंटला वाचवायला खाली घ्यायला सांगितलंस आणि घरच्यांना वाटलं सिस्टरनं संपलं म्हणून सांगितलं. बायकांनी हंबरडा फोडला. सून धाय मोकलून दारात बसली, कोणीतरी गावाकडं माणूस पाठवायला निघालं. मी गुडघ्यावर बसून दाबायला सुरुवात केली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत धाकटे भाऊ पितळी पेल्यात पाणी घेऊन आले आणि आबासाहेबांच्या तोंडाशी वाकले. ते पाणी सरळ फुप्फुसात गेलं असतं.

तू त्यांच्या हातावर फटका मारलास. पेला उडाला, कॉटांच्या खालून खणखणत पार भिंतीपर्यंत गेला. मरणाऱ्याच्या तोंडचं शेवटचं पाणी उडवणं, तेही तू, तेही त्या दिवसांत. धाकटे भाऊ तुझ्या अंगावर आले होते, खाजामियांनी त्यांना मागून कवेत धरून ठेवलं. तू त्यांच्याकडं पाहिलंही नाहीस. फुग्याचा ट्रे आतल्या ऑपरेशनला गेलेला. तू आबासाहेबांची मान मागं केलीस, कवळी काढून माझ्या बाजूला फेकलीस, नाक चिमटीत धरलंस आणि त्यांच्या तोंडाला तोंड लावलंस.

मी दाबत होते, तू फुंकत होतीस. तू वर बघून म्हणालीस, कोपरं वाकायलीत तुझी. तेवढ्या गोंधळात तुला माझी कोपरं दिसली. डॉक्टर बाळंतिणीचं आटपून तसेच ऑपरेशनच्या हातमोज्यांनी धावत आले, शीर सापडली, इंजेक्शन गेलं. मग आबासाहेब एकदा खोकले. मला तो खोकला अजून ऐकू येतो. मंगळवारी त्या पोत्यावर इतका वेळ घालवला, पण पोतं कधी खोकलं नव्हतं. मी दाबणं थांबवलं.

त्यांना परभणीला हलवलं, तिथून ते घरी गेले, आणि काही दिवसांनी पेढ्यांचा पुडा घेऊन दवाखान्यात आले. ओपीडीत सगळ्यांसमोर माझ्यापुढं हात जोडले. म्हणाले, पोरी, तुझ्या श्वासावर हा देह उभा आहे. घरच्यांनी त्यांना तसंच सांगितलं होतं. मी म्हणाले, दाबायला मी होते आबासाहेब, श्वास सुमनचा. ती काय, तिकडं ड्रेसिंग करतेय. त्यांनी तुझ्याकडं पाहिलं. तुला ते ओळखत होते, तू कोण आहेस हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. त्यांचा हात ओठांवर गेला. रागानं गेला की कशानं, मला आजही सांगता येणार नाही. पुडा टेबलावर ठेवून ते निघून गेले. पुढं त्यांच्या गावात गोष्ट अशी झाली की जिंतूरच्या डॉक्टरांनी विजेच्या मशीननं धक्का देऊन उठवलं. मशीन यायचं होतं ते शेवटी असं आलं.

त्या संध्याकाळी तू माझ्यावर जी उखडलीस, ते भांडण आपलं अजून पुरं झालेलं नाही.

"तुला कुनी सांगितलं व्हतं बोलायला?"

मी म्हणाले, खरं ते बोलले.

"खरं बोलून तू पेडगावला जाशील, तुझी माय तुला भाकरी वाढंल. मला ह्याच स्टँडावरून जायचंय. माझ्या आईला त्याच वस्तीत ऱ्हायचंय."

मग तुझा श्वास माझ्या नावावर खपवू का, असं मी विचारलं. तू म्हणालीस, खपू दे, श्वासावर नाव कशाला पायजे. माणूस उठला, झालं. मीही पेटलेली होते. विद्यापीठाला नाव पाहिजे आणि श्वासाला नको, हा कुठला न्याय, असं म्हणाले. मग उठून स्टोव्ह पेटवलास, चहा केलास आणि माझा कप माझ्यापुढं आपटलास. त्यानंतर बरेच दिवस मी तुझ्याबरोबर स्टँडपर्यंत यायचे आणि तू मला रस्त्यातून हाकलायचीस. मला पहारेकरी नको, म्हणायचीस. मला अजूनही वाटतं की मी बोलले ते बरोबर होतं. तुला अजूनही वाटलं असतं की मला किंमत न मोजता खरं बोलायची चैन परवडते. दोन्ही खरं असेल. आता मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी भांडावं लागतं, आणि तुझी बाजू मला तुझ्याइतकी चांगली मांडता येत नाही.

आबासाहेब उठले म्हणून सगळेच उठले असं नाही. न उठलेले कितीतरी जास्त. साप चावलेले, विहिरीतून काढलेले, शेतात वीज पडून आलेले, बाळंतपणात गेलेल्या बायका. प्रत्येक वेळी आपण भुईवर घेतलं, प्रत्येक वेळी नातेवाइकांना ओरडून सांगितलं की पाणी घालू नका, आणि बहुतेक वेळा शेवटी पाणी घालायला त्यांनाच जागा करून दिली. मी एकदा रडत म्हणाले, हे पालथ्या घड्यावर पाणी आहे. तू म्हणालीस, गिरजे, नाडी थांबलेलं मानूस ते. त्येला आपन आनखी काय मारनार? झालं तर बरंच हुईल. याहून सोपं उत्तर मला नंतर कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही.

यंदा संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा फैसला झाला. तू वॉर्डभर तिळगूळ वाटलास, वर पेढे. त्या माठापाशी उभं राहून एकेकीच्या हातावर ठेवलेस आणि घेणारीकडं टक लावून पाहिलंस. रात्री जेवताना मात्र म्हणालीस, इतकी वर्षं भांडलो आन् नावात वाटेकरी ठेवलाच की त्येंनी. तुला पूर्ण काही मिळालं की त्यातलं उरलेलं आधी दिसायचं. मला तुझा तो स्वभाव तेव्हा जाचायचा.

आणि मग वैशाखातली ती दुपार. बायकांच्या वॉर्डात तू सलाइन लावत होतीस. गिरजे, मळमळायलंय जरा, म्हणालीस आणि स्टुलावर बसलीस. मी म्हणाले, सकाळपासून उपाशी आहेस, दुसरं काय होणार. तू काहीतरी उलट बोलायला तोंड उघडलंस आणि पडलीस.

मी तुला हाक मारली. खांदा हलवला. गळ्याशी बोटं लावली. तुझ्या छातीत मूठ घातली, सुमन, जोरात घातली. तुला भुईवर घेतलं. फुगा या वेळी हाताशी होता, पण त्याच्या मास्कचं रबर उन्हानं तडकलं होतं, हवा बाजूनं जात होती. तो फेकला आणि तोंड लावलं. खाजामिया दाबायला बसले, ते दमले की मी दाबायची आणि फुंकायचीही. पहिल्या काही दाबांतच तुझी बरगडी मोडल्याचा आवाज आला. तो हाताला कळतो, कानाच्या आधी. मी थांबले नाही. साहेब आले, इंजेक्शनं दिली, परत दिली, मग माझ्या खांद्याला हात लावून म्हणाले, सिस्टर, पुरे. मी म्हणाले, अजून नाही. ते परत म्हणाले, मी परत तेच म्हणाले. कोपरं वाकायला लागली की तुझा आवाज ऐकू यायचा आणि मी ती सरळ करायची. शेवटी खाजामियांनी माझी दोन्ही मनगटं धरली. "बस करो सिस्टर. चले गए उनो." ते रडत होते. त्यांना रडताना पाहिलं तेव्हा मला कळलं.

तुला पिंगळीला नेलं. मला येता आलं नाही, वॉर्डात दुसरी सिस्टर नव्हती. तू पेशंटांना लावलेल्या सलाइनच्या बाटल्या मीच बदलल्या.

तुझ्या वस्तीतल्या बायकांनी तुला अंघोळ घालताना छाती पाहिली. काळीनिळी, सुजलेली, दाबलं की आत जाणारी. तिथून बोलणं सुरू झालं. दवाखान्यात सुमनला मारलं. बरगड्या मोडल्या. काहीतरी लपवायलेत. शोकसभेनंतर दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाहीत, घाबरलेले होते. म्हणाले, तक्रार आली तर चौकशी लागेल. हे ड्रिल काही दिवस बंद करू. ते पोतं अडगळीत टाका. आणि मग तेच वाक्य, जरा सभ्य करून: ज्यांनी शिकवलं त्यांच्याच बाबतीत उपयोग झाला नाही, मग लोकांना आपण काय सांगणार?

सांगायचं काय त्यात, मी म्हणाले. सांगायचं की बहुतेक वेळा उपयोग होत नाही. सांगायचं की तरी आम्ही करतो. छत्री घेतलेला माणूसही भिजतो, म्हणून कुणी छत्र्यांची दुकानं बंद करत नाही. सुमनच्या वेळी या वॉर्डात कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत उभं राहिलं नाही, कुणी किल्ली शोधत फिरलं नाही, कुणी आडनाव आठवलं नाही. जिंतूरसारख्या ठिकाणी, या वर्षांत, हे आपोआप झालं का साहेब? मंगळवार बंद केला तर वर्षभरात सगळे पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागतील. साहेब म्हणाले, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. मी म्हणाले, हो, भरात आहे, पण चुकीचं एक वाक्य दाखवा. त्यांनी ड्रिल बंदच ठेवलं. पोतं खाजामियांनी गुपचूप आपल्या घरी नेऊन ठेवलं.

तुझ्या जलदानाचा विधी झाला आणि तुझी आई आली. पिंगळीहून रेल्वेनं परभणी, तिथून एसटीनं जिंतूर, एवढ्या उन्हात एकटी. तुझी पेटी न्यायला आली असं म्हणाली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, मलाही थांबायला सांगितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. मावशींना खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसल्या, पदर सावरला, आणि साहेब सांत्वनाचं बोलायला लागले तर त्यांनी हातानं त्यांना थांबवलं आणि माझ्याकडं वळल्या.

"पोरीला अंगूळ घालताना मी बगितलं. छाती काळीनिळी झालती. कुनी केलं?"

साहेब मध्ये बोलणार होते. मी म्हणाले, "मी केलं, मावशी."

"बरगडी मोडली?"

"मोडली. एकाहून जास्त असतील."

त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. हृदय थांबलं होतं, ते हातानं दाबून चालवायचं असतं. हळू दाबलं तर रक्त डोक्यापर्यंत पोचत नाही. तीच मला शिकवून गेली. मी लपवलं काही नाही. मला वाटलं तेव्हा त्या उठून माझ्या थोबाडीत मारतील, आणि मारलं असतं तर मी गाल पुढं केला असता.

"आन् फुकायचं असतंय म्हनं तोंडानं. त्ये कुनी केलं?"

"मीच."

मावशींनी माझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडं पाहिलं. तू पेडगावची ना, असं विचारलं. मी मान हलवली. साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, परत ठेवला.

"सुमनचा बाप गेला तवा ती पोटभर रडाया येन्याएवढी बी न्हवती," मावशी म्हणाल्या. "बैलगाडीत घालून डाक्टरकडं नेलता. त्या डाक्टरनं दारातून बगितलं. गाडीजवळ आला न्हाई. नाडीला सुदिक हात लावला न्हाई. गेलाय म्हनला, न्या. अंगूळ घातली तवा त्येच्या अंगावर एक वळ न्हवता बाई. सारं अंग जसंच्या तसं."

त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, पालथे केले, तळवे दाबून पाहिले.

"येवड्याशा हातानं दाबलंस?"

"लय दाबलं, मावशी," मी म्हणाले.

"माझी पोर काळीनिळी हून गेली," त्या म्हणाल्या. "लय बरं झालं. कुनी हात लावला न्हाई असं तर कुनाला म्हनता येनार न्हाई." मग साहेबांकडं वळून, "साहेब, माजी काई तक्रार न्हाई. हिला तुमी काई बोलू नगा."

इतक्या वर्षांत तू मला बापाचं हे कधी सांगितलं नाहीस, सुमन. वाकळेचं सांगितलंस, हे नाही.

मी मावशींना पेटीसकट एसटीत बसवून आले आणि सरळ साहेबांच्या दारात उभी राहिले. म्हणाले, मंगळवारी सगळ्यांना बोलावते. त्यांनी वर न बघता होकाराची मान हलवली. आता कुणी विचारलं की दाबादाबीचा काय उपयोग झाला, तर मी मागं वळणार आहे आणि सांगणार आहे. तू काळीनिळी होऊन गेलीस. ते माझ्या हातांनी झालं, आणि मला त्याची लाज नाही.